सापांचा तेरा दिवसांचा उपास

१

हरीशने हे केलं असतं, तर त्याला मिळाले असते दोन हजार आठशे ऐंशी युरो.

सुनेत्रा आगटेंनी हा आकडा हरीशच्या बायकोच्या, शमिकाच्या, स्वयंपाकघरात बसून एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर काढला. सहा पिल्लं, प्रत्येकी चारशे ऐंशी. त्याखाली दुसरा आकडा लिहिला, अकरा हजार चारशे. नऊ वर्षांत हरीशने सापांपायी घातलेले पैसे, विजेचं बिल धरून. उत्पन्नाच्या जागी त्यांनी एक गोल वाटोळं शून्य काढलं आणि चहाचा घोट घेतला.

"नऊ वर्षं आनंदाने तोट्यात राहिलेला माणूस एका ऑक्टोबरात चोर होत नाही," त्या म्हणाल्या. "चोराला आधी नफ्याची चव लागावी लागते."

सुनेत्राताई हाइलब्रॉनच्या एका करसल्लागाराच्या ऑफिसात बावीस वर्षं आहेत. नेकारसुल्मच्या निम्म्या मराठी घरांचे आयकराचे कागद त्यांच्या हाताखालून जातात. माणूस कसा आहे हे इतरांना त्याच्या बोलण्यावरून कळतं, ताईंना पावत्यांवरून. म्हणून डिसेंबर २०१६ मध्ये फेटरिनेअरआम्टचं, म्हणजे जनावरांच्या सरकारी डॉक्टरांचं पत्र आलं, तेव्हा शमिकाने वकिलाच्या आधी ताईंना फोन केला.

पत्र टेबलावरच होतं. ओह्रिंगेनच्या एका कुटुंबाने ऑक्टोबरात मुलीच्या बाराव्या वाढदिवसाला अजगराच्या जातीचं एक पिल्लू घेतलं. बॉल पायथन, हाताच्या पंजात मावणारं, मधाच्या रंगाचं. डब्यात वेटोळं घालून झोपलेलं होतं तेव्हा दृष्ट लागेल असं दिसत होतं. घरी आणून पुढ्यात उंदीर ठेवला तेव्हा खरं काय ते समजलं. चौकशीत तसेच आणखी पाच खरेदीदार सापडले. सहाही जणांकडे पिवळं जन्मकार्ड, आणि सहाही कार्डांवर पैदास करणाऱ्याचं नाव हरीशचं.

"दाखव," ताई म्हणाल्या.

हरीशने मोबाइल पुढे केला. पिल्लू उंदरावर झेप घेत होतं आणि दर वेळी चुकत होतं. मान मळसूत्रासारखी फिरायची, डोकं उलटं व्हायचं, पोट वर यायचं. मग ते स्वतःलाच सावरत पुन्हा नेम धरायचं. चौथ्या वेळेला ते स्वतःच्याच अंगाला चावलं.

ताईंना सापांची शिसारी आहे. तरी त्यांनी ते शेवटपर्यंत पाहिलं.

"आजारी आहे?"

"आजारी नाही, ताई. असंच बनवलंय," हरीश म्हणाला. तो इंजिनाच्या चाचण्या करणारा, हळू बोलणारा माणूस. पण आता त्याचा आवाज चढला. "ही नक्षी हवी तर ही मान येतेच. एकाच जनुकावर दोन्ही. वेगळं काढता येत नाही, हे प्रत्येक पैदासवाल्याला ठाऊक असतं. तरी काढतात, कारण नक्षीला भाव आहे. इथल्या कायद्यात त्याला नाव आहे, क्वालत्सुख्ट. यातनेची पैदास."

चौदा दिवसांत म्हणणं मांडायचं होतं. त्यातले सहा संपले होते. म्हणणं पटलं नाही, तर हरीशचे नऊच्या नऊ साप जप्त होणार होते.

"नाव गेलं तर जाऊ दे," हरीश म्हणाला. "पण ताराबाई अठरा वर्षांची आहे. नुसता तिचा पेटारा खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात हलवला, तर पाच महिने जेवली नव्हती. या वयात तिला उचलून नेलं, तर ती परत यायची नाही."

ताईंनी ओह्रिंगेनहून आलेलं पिवळं कार्ड हातात घेतलं. जाड, गुळगुळीत, कडेला वेलबुट्टी.

"हे कुठल्या लग्नाचं आमंत्रण?"

शमिकाला हसू आलं. "सांगलीच्या छापखान्यातून छापून आणलीयत त्याने. सापाच्या जन्माला लग्नपत्रिकेचा कागद! पाचशे कार्डं. चारशे ऐंशी अजून तळघरात पडलीयत."

"चारशे ऐंशी? मोजलीस?"

तिघं तळघरात गेली. गठ्ठा चारशे चौऱ्याहत्तरांचा होता.

कार्डं खोटी नव्हती. कार्डं याच कपाटातून गेली होती.

२

कार्डावरची सही मराठीत होती. 'हरीश'मधल्या दीर्घ ईची वेलांटी नीट गिरवलेली. म्हणजे कुणी जर्मन शेजारी नव्हे. तळघरात या वर्षी उतरलेली मराठी माणसं चार: बायको शमिका, डॉक्टरेट करणारी अरुंधती, जिने मेमध्ये हरीश भारतात गेला तेव्हा तीन आठवडे साप सांभाळले, र्युसेल्सहाइमचा प्रताप, जो साप विकायचाच धंदा करतो आणि एप्रिलमध्ये 'सहज' येऊन गेला, आणि सत्यजित, कारखान्यातला हरीशचा अकरा वर्षांपासूनचा मित्र, ज्याच्याकडे घराची जादा किल्ली असते.

ताईंनी घरापासून सुरुवात केली.

"शमिका, साप गेले तर तुला काय मिळेल?"

"तळघर," शमिका म्हणाली. "आणि नवरा. ताई, अंडी घातली की हा साठ दिवस तिथे स्टूल टाकून बसतो. इतर लोक अंडी काढून मशिनमध्ये ठेवतात. हा म्हणतो, आईला वेटोळं घालू दे. त्यात ती उपाशी राहते, वाळते, पुढच्या वर्षी अंडी देत नाही. म्हणजे धंद्याच्या हिशोबाने शुद्ध मूर्खपणा! पण ती थंडी वाजली की अंग थरथरवून अंड्यांना ऊब देते, ते बघायचं असतं त्याला." ती थांबली. "मी पण बघते कधीकधी. त्याला सांगू नका."

"आणि पिल्लं?"

"ओळखीच्यांना देतो. फुकट. वर दोन महिन्यांनी मुलीच्या बापासारखा बघायला जातो. यंदा मीच शपथ घातली, आता नवीन पिल्लं नकोत. पाळली त्याने."

यंदा पिल्लं नकोत. ताईंनी पाकिटावर तेवढं टिपलं.

अरुंधती त्यांना विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये भेटली. तिची शिष्यवृत्ती सप्टेंबरअखेर संपली होती, प्रबंध संपला नव्हता.

"मला पैशांची गरज आहे हे सगळ्या मराठी मंडळाला माहितीये," ती तिरसटपणे म्हणाली. "पॉटलकला मी रिकामा डबा घेऊन येते आणि भरून नेते, हेही सगळे मोजतात. मग आता साप पण माझ्याच डब्यात?"

"मी मोजत नाही ग," ताई म्हणाल्या, आणि हे खोटं होतं. "सप्टेंबरमध्ये कुठे होतीस?"

"लिस्बनला. कॉन्फरन्स, आणि पुढे मैत्रिणीकडे. चार तारखेला गेले, पंधराला रात्री परतले. का?"

 पर्समधलं पिवळं कार्ड ताईंनी परत एकदा पाठीमागून पाहिलं. तिथे पिल्लाच्या जेवणाच्या तारखा होत्या. जन्म तीस जुलै. मग चौदा, एकोणीस, चोवीस, एकोणतीस ऑगस्ट, तीन सप्टेंबर. दर पाचव्या दिवशी एक उंदीर, घड्याळासारखा.

त्यानंतरची तारीख एकदम सोळा सप्टेंबर.

पत्रासोबत बाकीच्या कार्डांच्या प्रती होत्या; सहाही कार्डांवर तेच. अरुंधती गावाला गेली, आणि सहा पिल्लं तेरा दिवस उपाशी राहिली.

३

"अरुंधती?" हरीश खाली बसला. "ताई, नाही हो. ती ताराबाईशी बोलते."

"बोलणारे पण खातात," ताई म्हणाल्या. "पण हिशोब अजून जुळत नाही. हे बघ, शेजारचा रकाना. पाणी बदललं: सहा, नऊ, बारा, पंधरा सप्टेंबर. खुणा आहेत. वजनंसुद्धा आहेत. तीन तारखेला एकाहत्तर ग्रॅम, बाराला सहासष्ट. लिस्बनहून कुणी पाणी बदलत नाही."

"पिल्लांनी खाल्लं नसेल. ही जात रुसते."

"तुझ्या कार्डात दोन रकाने आहेत, 'दिलं' आणि 'खाल्लं'. 'दिलं' हाच रिकामा आहे."

हरीश कार्डाकडे बघत राहिला. घरात हजर असलेला, तिसऱ्या दिवशी पाणी बदलणारा, ग्रॅमग्रॅम तोलणारा माणूस. त्याने सहा वाढत्या पिल्लांसमोर तेरा दिवस उंदीर ठेवला नाही. आणि ते लपवलंही नाही.

"खोटी सही करणाऱ्याने एक तारीख खोटी घालायला काय हरकत होती?" शमिका म्हणाली.

"काही लोक आकडा खोटा लिहीत नाहीत," ताई म्हणाल्या. "नाव खोटं लिहितात."

शनिवारी त्या र्युसेल्सहाइमला गेल्या. प्रतापच्या घरात दोन खोल्या सापांच्या होत्या. खोल्या कसल्या, ऑफिसातली फायलींची कपाटं. भिंतभर खण, प्रत्येक खणात वर्तमानपत्राचा एक कागद, एक वाटी, एक साप. उभं राहायला नाही, चढायला नाही, उजेड नाही. दोनशे चौदा खण, प्रतापनेच सांगितलं, अभिमानाने.

"मी भक्ती करत नाही, ताई, धंदा करतो. हरीश म्हणजे संतमाणूस. त्याच्यासारख्यांमुळे आमचा भाव पडतो. फुकट वाटतो!"

"म्हणजे तो बंद पडला तर तुम्हाला फायदा."

"गेनाऊ, अगदी बरोबर. पण मी हे केलं असतं तर स्वतःच्या नावावर विकलं असतं. मला लाज नाही, हे माझं भांडवल आहे." तो मोकळेपणाने हसला. "त्या नक्षीचा नर माझाच होता. गेल्या वर्षी विकला. कुणाला, ते विचारू नका, रोख व्यवहार, पावती नाही. आणि मान हलते म्हणून एवढा गहजब कशाला? साप काही गीता वाचत नाही."

ताईंनी हातातला चहा न पिता खाली ठेवला. "तुमची मान अशी फिरली असती, तर हा कप तोंडापर्यंत गेला असता का?"

प्रताप खांदे उडवून म्हणाला, "गिऱ्हाइकाला आवडतं, मी देतो."

दारात जाता जाता त्यांनी कार्ड दाखवलं. प्रतापने तारखांवरून नजर फिरवली आणि पहिल्यांदाच धंदेवाईक राग आला त्याला.

"तेरा दिवस? ह्या वयात? पिल्लाचं वजन म्हणजे त्याची किंमत असते, ताई! माझ्याकडे कुणी असं केलं तर मी हाकलून देईन. घरात बसून पिल्लं उपाशी ठेवणारा माणूस एक तर मूर्ख असतो, नाही तर भाविक."

ताई गाडीत बसल्या. फ्रँकफुर्टच्या बाजूने ट्रकची रांग लागली होती. प्रतापचं वाक्य त्यांनी तीनदा मनात म्हटलं, आणि मग गाडी नेकारसुल्मकडे जितकी पळेल तितकी पळवली.

४

"तुझी वही आण," त्या दारातूनच म्हणाल्या. "तुझ्या स्वतःच्या सापांची. सप्टेंबर."

हरीशने वही आणली. मोठ्या सापांना तो दर सोमवारी खाऊ घालायचा. पाच सप्टेंबर सोमवार होता. त्या रांगेत उंदीर नव्हता. त्याऐवजी लिहिलं होतं: 'गणपती.' आणि बुधवारी, सातला, नऊही सापांना उंदीर.

"आमच्याकडे दीड दिवसाचा असतो," शमिका म्हणाली. "देव घरात आहेत तोवर फ्रीझरमधला गोठवलेला उंदीर बाहेर काढायचा नाही, एवढं एकच मी त्याला सांगितलंय. देवाच्या पायाशी मूषक बसलाय हात जोडून, आणि हा तळघरात त्याच्याच भावकीला गरम पाण्यात भिजत घालणार? शोभतं का?"

"सापाला कसलं सोवळंओवळं," हरीश पुटपुटला, "पण दीड दिवसाने त्यांचं काही बिघडत नाही."

ताईंनी भिंतीवरचं मराठी कॅलेंडर उतरवलं आणि मागची पानं उलटली. पाच सप्टेंबर, गणेश चतुर्थी. त्यांचं बोट खाली खाली सरकलं आणि पंधरावर थांबलं. अनंत चतुर्दशी.

सोळाला सहा पिल्लांना उंदीर मिळाला होता.

 गणपती किती दिवस बसवायचा हे कुणी ठरवत नसतं. सासरच्या घराकडून ते येतं आणि माणूस ते जर्मनीतही निमूटपणे चालवतो. पगार वाढला म्हणून दीडाचे पाच होत नाहीत, रजा नाही म्हणून दहाचे दीड होत नाहीत. अरुंधतीच्या खोलीत देव नव्हता. प्रतापकडे खण होते, देवघर नव्हतं. या घरी दीड दिवस.

"दहा दिवसांचा गणपती कुणाकडे असतो?" ताईंनी विचारलं. विचारायची गरज नव्हती. तिथे बसलेल्या तिघांनीही पंधरा सप्टेंबरला त्याच घरी एकवीस मोदकांचा नैवेद्य झाल्यावर पंगतीत बसून जेवण केलं होतं.

शमिकाने तोंडावर हात ठेवला. "पण त्यांच्याकडे साप नाहीत!"

त्याच वेळी खालची बेल वाजली. हरीशने खिडकीतून पाहिलं.

"सत्यजित आहे," तो म्हणाला. "माझ्या बाजूने लोकांच्या सह्या गोळा करतोय तो. एकशे बारा झाल्यात."

५

सत्यजित बर्फाने ओले झालेले बूट काढत, बोलतच आत आला. मागे कादंबरी, त्याची बायको, हातात चिवड्याचा डबा घेऊन.

"एकशे अठरा! अख्खं मंडळ तुझ्या मागे आहे, हरीश. मी कारखान्याच्या वकिलाशीपण बोललोय. आणि ऐक, वाईट वाटून घेऊ नकोस, पण अरुंधतीला कुणीतरी विचारायला हवं. गरज माणसाला—"

"बसा," ताई म्हणाल्या. "कादंबरी, एक घरगुती प्रश्न आहे. गणपतीत फ्रीझरमधले उंदीर तू कुठे ठेवले होतेस ग?"

सत्यजितचा हात बुटाच्या नाडीवरच राहिला.

कादंबरी आधी ताईंकडे, मग शमिकाकडे पाहून कानकोंडी झाली. "शमिका, सॉरी ग. तुला कळू द्यायचं नव्हतं म्हणून मी गप्प होते. हरीशदादांनीच सांगितलं होतं ना."

"मी?" हरीश म्हणाला.

"म्हणजे… तुम्ही शमिकाला शब्द दिला होता, नवीन पिल्लं नाहीत म्हणून. आणि अंडी तर आली. म्हणून त्या दोन माद्या अंड्यांसकट आमच्या ऑफिसरूममध्ये ठेवल्या ना? हा म्हणाला, मित्राचं घर मोडायला नको, कुणापाशी बोलू नकोस." ती नवऱ्याकडे वळली. "मी फक्त एकच अट घातली होती. त्याच फ्रीझरमध्ये मोदकांचं खोबरं असतं. देव बसलेत तोवर उंदीर घरात नको. टाकून दिले याने. दहा दिवस नुसतं पाणी घातलं बिचाऱ्यांना. सत्या, सांग ना."

सत्यजितने नाडी सोडवून बूट दाराशी ठेवले. 

"दोन माद्या बाजारातून घेतल्या," ताईंनी त्याच्या वतीने सुरुवात केली. "नर प्रतापकडून, रोखीने. किल्ली तुझ्याकडे होतीच, कार्डं तळघरातून उचललीस. सही अकरा वर्षं बघतोयस. कळत नाही ते एवढंच: कार्ड हरीशचं कशाला? प्रताप निर्लज्जपणे विकतोच की स्वतःच्या नावाने."

"प्रतापच्या नावावर तेच पिल्लू दोनशे ऐंशीला जातं," सत्यजित अखेर म्हणाला. आवाज मीटिंगमधला होता, आकडे मांडणारा. "लोकांना हॉबीवाल्याचा साप हवा असतो. आईने वेटोळ्यात उबवलेला, घरात हाताळलेला, लाडाचा. त्याला चारशे ऐंशी देतात. हरीश, तुझ्या नावाला बाजारात किंमत आहे, आणि तू ती वापरत नव्हतास. पडून होती. मी तुझं काय घेतलं?"

"दोनशे गुणिले सहा," हरीश म्हणाला. "बाराशे युरो. माझी नऊ वर्षं तू बाराशेला विकलीस, सत्या, आणि वर माझ्यासाठी सह्या गोळा करत फिरलास?"

"नोटीस येईल असं मला वाटलं नव्हतं! थोडी मान हलते, एवढंच. दुखत नाही त्यांना."

"तुला सांगितलं त्यांनी?"

"आल्झो, म्हणजे कुणी सिद्ध केलंय का की दुखतं?"

तेव्हा हरीश उठला. या माणसाने कधी कुणावर हात उचलल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं, आणि त्याने तो तेव्हाही उचलला नाही. त्याने मोबाइल सत्यजितच्या डोळ्यांसमोर धरला आणि ते चित्रण लावलं. एक झेप. चुकली. दुसरी. तिसरी. "बघ. नजर काढू नकोस. तू चाचणीचा इंजिनिअर आहेस ना? स्टिअरिंग असं फिरलं असतं तर ती गाडी तू गेटबाहेर सोडली असतीस? सांग! दुखत नाही म्हणतोस. भूक तरी लागते की नाही? समोर अन्न आहे आणि तोंड तिथे पोचत नाही, याला काय म्हणतोस तू, डिझाइन?"

सत्यजितने मान वळवली. हरीशने मोबाइलही तिकडे वळवला.

ताई मात्र पाकिटावर काहीतरी खरडत होत्या. जोड त्यांना कुठे तरी खटकत होता.

"कादंबरी, अंडी किती होती ग?"

"अकरा. दोघींची मिळून. मी मोजली होती, रोज बघायचे."

"पिल्लं अकराच्या अकरा निघाली?"

"हो! जुलैच्या शेवटी. सगळीच्या सगळी." ती बोलता बोलता थांबली. "मग मी पंधरा दिवस पुण्याला गेले होते. आले तेव्हा सहा होती. हा म्हणाला, पाच हरीशदादा घेऊन गेले."

सगळ्यांनी हरीशकडे पाहिलं. हरीशने मान हलवली.

"कार्डं सहा," ताई म्हणाल्या. "अकरातून सहा गेले. सत्यजित, पाच कुठे आहेत?"

तो जमिनीकडे बघत होता. "ती साधी निघाली. बापाची नक्षी उतरलीच नाही त्यांच्यात. साध्याला तीस युरो पण कोणी देत नाही, आणि उंदीरच दीड युरोला पडतो. ठेवून…" त्याने वाक्य सोडून दिलं. मग सरळ म्हणाला, "फ्रीझरमध्ये घातली."

"त्याच फ्रीझरमध्ये?" कादंबरीने विचारलं. चिवड्याचा डबा अजून तिच्या हातातच होता. "जिथे मी खोबरं ठेवलं?"

तिने डबा टेबलावर ठेवला, ताईंकडे एक कोरा कागद मागितला, आणि कोट न काढताच खुर्चीवर बसून लिहायला सुरुवात केली.

६

कादंबरीचा लेखी जबाब बाराव्या दिवशी कार्यालयात पोचला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तो वाचला, हरीशची वही आणि सहा कार्डं शेजारी ठेवून पाहिली, सत्यजितच्या ऑफिसरूमचं दार उघडायला लावलं आणि हरीशवरची चौकशी बंद केली. ताराबाई जागची हलली नाही.

सुनेत्राताईंनी मार्चमध्ये, करांच्या कागदांची धांदल सुरू व्हायच्या आधी, सगळी बाकी एकदा काढली. कुणी मागितली नव्हती. सवय.

सत्यजितने दंड भरला, तीन हजार दोनशे. कमाईपेक्षा तीनशे वीस जास्त. नोकरी आहे, घर आहे, आणि मंडळात तो अजून म्हणतो की गोष्ट विनाकारण वाढवली.

प्रतापने काही भरलं नाही. पावती नव्हती. त्याचे खण आता दोनशे चाळीस झाले आहेत.

हरीशने वकिलाचे नऊशे भरले, आणि उरलेली चारशे चौऱ्याहत्तर कार्डं बागेत जाळली. पिल्लं देणं बंद केलं. आता कुणी साप मागितला तर तो विषय बदलतो. शमिका म्हणते, स्टुलावर बसतो, पण पूर्वीसारखा बसत नाही.

अरुंधतीकडे जाऊन ताईंनी माफी मागितली. तिने दार उघडलं, ऐकून घेतलं आणि दार लावलं. पॉटलकला ती आता येत नाही.

कादंबरीने भरलं ते चारचौघांत. नवऱ्याविरुद्ध सही केली म्हणून गुढीपाडव्याच्या जेवणात तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. साप विकणाऱ्या सत्यजितच्या शेजारी मात्र दोन्ही बाजूंनी माणसं होती. ताई ताट घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसल्या, आणि ज्यांनी ज्यांनी वळून पाहिलं त्यांच्याकडे त्यांनी एकेक करून, नावनिशीवार पाहिलं.

ओह्रिंगेनच्या मुलीचे चारशे ऐंशी परत मिळाले. तिने दुसरं जनावर घेतलं नाही.

वेड्या मानेच्या सहांपैकी दोन फेब्रुवारीत गेली. चार एका प्राणी-आश्रमात आहेत. तिथली एक बाई दर आठवड्याला त्यांचं डोकं दोन बोटांत धरून उंदीर तोंडात देते, म्हणून जगतात.

राहिली पाच. मान सरळ, नजर सरळ, हाती धरली तर मनगटाला विळखा घालणारी, पहिल्याच झेपेत उंदीर पकडू शकणारी. हरीशने ती आयुष्यभर सांभाळली असती. त्यांचं वजन कुणी लिहिलं नाही, आणि अकरा जणांत फक्त त्यांच्याच अंगात काही खोट नव्हती.

ताईंनी त्यांच्या नावापुढे तीस गुणिले पाच, दीडशे, असं लिहिलं. मग ते खोडलं, आणि त्या जागी दुसरा आकडा लिहायला त्यांना काही सुचलं नाही.